सांबऱ्याहून विमान: कंपन्या कमी का झाल्या, भाडं का वाढलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टिळकवाडीतल्या आमच्या तिकीट काऊंटरवर आणि व्हॉट्सअॅपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं एकत्र केलेत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडची माणसं जशी विचारतात तसेच शब्द ठेवलेत. सांबरा म्हणजे आपला बेळगावचा विमानतळ. विमानांची वेळापत्रकं मार्चअखेर आणि ऑक्टोबरअखेर बदलतात, म्हणून आज कुठल्या गावाला कुठलं विमान आहे ते इथं दिलेलं नाही. ते फोन करून विचारा.

१. पूर्वी इतक्या विमान कंपन्या होत्या, त्या गेल्या कुठं?

काही बुडाल्या, काहींना मोठ्यांनी गिळलं.

१९५३ साली सरकारनं खासगी विमान कंपन्या ताब्यात घेतल्या. त्यानंतर जवळपास चाळीस वर्षं देशातल्या देशात फिरायला सरकारी विमानाशिवाय पर्याय नव्हता. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दार उघडलं आणि ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, सहारा, जेट अशी नावं आली. १९९४ मध्ये जुना कायदाच रद्द झाला. पण यातल्या बऱ्याच कंपन्या दशक संपायच्या आत मिटल्या.

दुसरी लाट २००३ ची. हासन जिल्ह्यातल्या कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन काढली आणि पहिलं विमान उडवलं ते बंगळूर आणि हुबळीच्या दरम्यान. आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी लोकांचा पहिला विमानप्रवास त्याच कंपनीनं घडवला, म्हणून ते नाव मी आजही आदरानं घेतो. २००७ च्या सुमारास मात्र गिळायला सुरुवात झाली. जेटनं सहारा घेतली, किंगफिशरनं डेक्कन घेतली आणि सरकारनं एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स एकत्र केल्या. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट १७ एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्ट ३ मे २०२३ ला. टाटांनी जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया घेतली. मग १ ऑक्टोबर २०२४ ला पूर्वीची एअर एशिया इंडिया एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये विरली आणि १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात.

२. एकट्या इंडिगोकडं साठ टक्क्यांहून जास्त प्रवासी आहेत म्हणे. मग ही मक्तेदारी नाही का?

आकडा बरोबर आहे. २०२५ मध्ये देशांतर्गत प्रवाशांपैकी साधारण ६५ टक्के इंडिगोकडं, २७ टक्क्यांच्या आसपास एअर इंडिया गटाकडं, अकासाकडं ५ टक्क्यांच्या आसपास आणि स्पाइसजेटकडं जेमतेम २ टक्के होते. म्हणजे दहातले नऊ प्रवासी दोन घरांत वाटले गेलेत.

बाजार किती एकवटलाय हे मोजायची एक सोपी रीत आहे. प्रत्येक कंपनीच्या हिश्श्याचा वर्ग करायचा आणि सगळे वर्ग मिळवायचे. ६५ चा वर्ग ४,२२५. २७ चा ७२९. ५ चा २५, २ चा ४. बेरीज पाच हजारांना टेकते. अमेरिकेच्या २०२३ च्या मार्गदर्शक नियमांनुसार १,८०० च्या वरचा बाजार ‘अतिशय एकवटलेला’ धरतात. आपण त्याच्या पावणेतीनपट आहोत.

पण कायद्यानं मोठं असणं हा गुन्हा नाही. २००२ च्या स्पर्धा कायद्यात ‘वर्चस्व’ आणि ‘वर्चस्वाचा गैरवापर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मनाई फक्त दुसरीला आहे. शिवाय प्रतिस्पर्धी आपापल्या कर्जानं बुडाले, तर उरलेल्याचा हिस्सा त्यानं काहीही न करता वाढतो.

३. देशाचे आकडे राहू देत. बेळगावकराला याचा काय फरक पडतो?

आमच्यासाठी हाच सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

तुम्ही ‘भारत’ नावाच्या बाजारात तिकीट घेत नाही. तुम्ही बेळगाव–बंगळूर घेता किंवा बेळगाव–हैदराबाद घेता. मुंबई–दिल्लीला चार कंपन्या आणि दिवसाला कितीतरी विमानं असतात. एकानं भाडं चढवलं तर माणूस दुसऱ्याकडं जातो. सांबऱ्याहून निघणाऱ्या मार्गावर एकच कंपनी असली, तर वरच्या रीतीनं बेरीज किती येते? १०० चा वर्ग, म्हणजे दहा हजार. त्याच्या वर आकडा जातच नाही.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. मागे उद्यमबागेतले एक फाउंड्रीवाले अण्णा काऊंटरवर आले. गिऱ्हाइकानं माल नाकारला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना बंगळूरला पोचायचं होतं. स्क्रीनवर त्या दिवसाचं एकच विमान, आणि भाडं पावणेपाच हजार. ‘जरा पार्टनरला विचारतो’ म्हणून ते बाहेर गेले, चहा घेऊन वीस मिनिटांत परत आले, तोवर सहा हजार आठशे. मधल्या वेळात खालच्या दराच्या जागा संपल्या होत्या. अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच भाव वाढवला. दुसरी कंपनी त्या मार्गावर असती तर मी स्क्रीन सरकवून दुसरा भाव दाखवला असता. दाखवायला काही नव्हतं.

छोट्या विमानांमुळं हे आणखी जाणवतं. एटीआर विमानात सत्तरच्या आसपास जागा, एम्ब्रेअर १४५ मध्ये पन्नास. कंपनी या जागा दरांच्या पायऱ्यांत वाटते. सर्वात खालच्या पायरीवर मोजक्याच जागा असतात आणि एखादं लग्नाचं वऱ्हाड आलं की तीन पायऱ्या एकदम संपतात.

सांबऱ्यानं येणं-जाणं भरपूर पाहिलंय. हा विमानतळ दुसऱ्या महायुद्धातला, १९४२ चा. नवी इमारत २०१७ मध्ये उघडली आणि पुढच्याच वर्षी स्पाइसजेटनं इथलं बस्तान हुबळीला हलवलं. तेव्हा काही काळ इमारत नवी आणि फलक रिकामा, अशी गत होती. मग अलायन्स एअर आली. २०१९ पासून इंडिगो, ट्रूजेट आणि कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर अशा कंपन्या आल्या आणि अहमदाबाद, तिरुपती, हैदराबाद अशी गावं जोडली गेली. २०२२ च्या सुरुवातीला ट्रूजेट थांबली. प्रत्येक येण्याला भाडं उतरतं आणि प्रत्येक जाण्याला चढतं, हे मी काऊंटरवरून बघत आलोय.

४. ‘उडान’ योजना आहे ना? मग तिकीट अडीच हजारांत का मिळत नाही?

कारण सगळ्या जागांना तो दर कधीच नव्हता. लहान गावांना विमानानं जोडायची ही सरकारी योजना ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झाली, पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला शिमला–दिल्ली उडालं. साधारण तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये ही सुरुवातीची मर्यादा, तीही विमानातल्या निम्म्याच जागांना, कमीत कमी ९ आणि जास्तीत जास्त ४०. बाकीच्या जागा बाजारभावानं. मर्यादाही महागाईप्रमाणं वर सरकते. आणि मार्ग ‘उडान’मध्ये असेल, त्याची मुदत चालू असेल तरच हे लागू. बेळगावहून निघणारं प्रत्येक विमान उडानचं नसतं.

५. तीन वर्षं झाली की विमान बंद का होतं? तोवर तर भरून जायचं.

उडानमध्ये कंपनीला तीन वर्षं तूट भरून देणारं अनुदान मिळतं. त्याच तीन वर्षांत त्या मार्गावर दुसऱ्या कोणाला विमान उडवायची मुभा नसते. म्हणजे सरकार स्वतःच एका कंपनीला मार्ग राखून देतं. लहान गावाला विमान यावं म्हणून हे करावं लागतं, हे मला पटतं. पण तीन वर्षांनी अनुदानही जातं आणि दुसरा कोणी तयार झालेला नसतो.

महालेखापाल म्हणजे कॅगच्या २०२३ च्या अहवालातले आकडे मी काऊंटरमागं लावून ठेवलेत. उडानच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग दिले गेले. ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यांतल्या ११२ मार्गांनीच तीन वर्षं पुरी केली. आणि मार्च २०२३ पर्यंत तीन वर्षांनंतरही टिकले ते ५४. विमान भरून जात होतं हे खरं असेल, पण अनुदान धरून भाडं परवडत होतं आणि अनुदान गेल्यावर ते परवडेनासं झालं.

६. सांबऱ्याचं तिकीट महाग पडलं तर हुबळी, कोल्हापूर की गोवा बघू?

तिन्ही बघा, पण गाडीभाडं धरून बघा. बेळगाव शहरातून हुबळी शंभर किलोमीटरच्या आतबाहेर, कोल्हापूरचं उजळाईवाडी एकशेदहाच्या आसपास, आणि गोव्याचे दाबोळी-मोपा घाट उतरून. जानेवारी २०२३ पासून मोपाही चालू झाल्यानं गोव्यात दोन विमानतळ आहेत आणि कंपन्याही जास्त, त्यामुळं लांबच्या प्रवासाचं भाडं तिथून बरेचदा उतरतं. पावसाळ्यात चोर्ला घाटाचा भरवसा धरू नका, तीन तास हातात ठेवा.

चौघांचं कुटुंब असेल तर एक टॅक्सी चौघांत वाटली जाते, तेव्हा गोवा परवडतं. एकट्या माणसाला क्वचितच. निपाणीकरांनी आधी कोल्हापूर बघावं, त्यांना ते बेळगावपेक्षा जवळ. खानापूरकरांना सांबरा किंवा हुबळी.

बंगळूर आणि पुण्याला जाणाऱ्यांनी रेल्वेही धरावी. पुणे–हुबळी वंदे भारत सप्टेंबर २०२४ पासून बेळगाववरून जाते आणि बंगळूर–बेळगाव वंदे भारत ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाली. विमान कंपनीला खरी स्पर्धा कधीकधी रुळावरूनच येते. राणी चन्नम्मा एक्स्प्रेस तर आहेच, रात्री बसा आणि सकाळी बंगळूरला उतरा.

७. गणपतीत आणि मे महिन्यात भाडं दुप्पट-तिप्पट होतं. सरकार मर्यादा का घालत नाही?

एरवी भाडं कंपनीच ठरवते. दर ‘वाजवी’ असावा एवढी अट नियमात आहे आणि डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, त्यावर नजर ठेवतं. पण कायमची कमाल मर्यादा नाही. अडचणीच्या वेळी सरकारनं मात्र ती घातलेली आहे: कोविडमध्ये २५ मे २०२० ते ३१ ऑगस्ट २०२२, आणि नंतर डिसेंबर २०२५ मध्ये (प्रश्न ९ पाहा).

मर्यादा कायमची असावी का, यावर माझं मत लोकांना आवडत नाही, तरी सांगतो. कोविडच्या वेळी कमाल दराबरोबर किमान दरही ठरवला होता, त्यामुळं स्वस्त विकू पाहणाऱ्यालाही हात बांधून बसावं लागलं. आणि कमाल दर ठरला की तोटा होणाऱ्या फेऱ्या आधी कापल्या जातात. त्या दिल्ली–मुंबईच्या नसतात, आमच्यासारख्या गावांच्या असतात. सणासुदीला, आपत्तीला मर्यादा हवी. बाराही महिने मर्यादेपेक्षा मला मार्गावर दुसरी कंपनी हवी.

८. दोन्ही कंपन्यांचं भाडं रुपया-दोन रुपयांच्या फरकानं सारखंच दिसतं. हे आपसात ठरवूनच करत असणार ना?

सारखं भाडं म्हणजे संगनमत असं कायदा मानत नाही. प्रत्येक कंपनीची माणसं आणि संगणक दुसऱ्याचं भाडं दिवसभर बघत असतात आणि आपलं बदलत असतात. खडेबाजारात दोन दुकानदार एकमेकांची पाटी बघून भाव लावतात, तसंच. संगनमत ठरायला आपसातल्या बोलण्याचा, समजुतीचा पुरावा लागतो. प्रवासी भाड्याबाबत भारतीय स्पर्धा आयोगानं चौकशी केली होती आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये संगनमताचा पुरावा मिळाला नाही म्हणून प्रकरण बंद केलं.

मालवाहतुकीत मात्र उलट झालं. कार्गोवरच्या इंधन अधिभाराबाबत आयोगानं जेट, इंडिगो आणि स्पाइसजेटला दोषी धरून मार्च २०१८ मध्ये दंड लावला. जेटला ३९.८१ कोटी, इंडिगोला ९.४५ कोटी, स्पाइसजेटला ५.१० कोटी.

माझा अनुभव सांगतो: चार कंपन्या असल्या की कोणीतरी एकजण जागा रिकाम्या जातील या भीतीनं भाव पाडतोच. दोघंच असले की दोघांनाही वाट बघायला परवडतं. त्यासाठी आपसात बोलायचीही गरज पडत नाही.

९. डिसेंबर २०२५ मध्ये एवढी विमानं रद्द का झाली? एका कंपनीचा घोळ आणि देश कसा थांबला?

वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम टप्प्याटप्प्यानं आले आणि १ नोव्हेंबर २०२५ पासून पूर्ण लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, आणि वैमानिकानं करायच्या रात्रीच्या लँडिंगची संख्या सहावरून दोनवर आली. प्रवाशांच्या जिवासाठी हे नियम योग्यच आहेत. इंडिगोकडं त्या हिशेबानं वैमानिक पुरे पडले नाहीत आणि ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत अडीच हजारांहून जास्त फेऱ्या रद्द झाल्या.

दहा टक्के हिश्श्याची कंपनी अडखळली असती तर तिचे प्रवासी बाकीच्यांनी सामावून घेतले असते. पासष्ट टक्क्यांची अडखळली तर सामावणार कुठं? उरलेल्या जागांचे भाव गगनाला भिडले. ६ डिसेंबरला सरकारनं मर्यादा घातली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, हजारपर्यंत १२,०००, दीड हजारपर्यंत १५,००० आणि त्यापुढं १८,०००. त्यावर कर आणि विमानतळ शुल्क वेगळं. ही मर्यादा बिझनेस क्लासला आणि उडानच्या विमानांना लागू नव्हती. सरकारला शेवटी त्या कंपनीला रात्रीच्या नियमांत तात्पुरती सूटही द्यावी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीला नियम लावताना सरकारचाही हात आखडतो.

१०. नवीन कंपन्या का येत नाहीत?

येतात, अकासा ७ ऑगस्ट २०२२ ला आली. पण उभं राहणं कठीण आहे. विमानं बहुतेक भाड्यानं, आणि ते भाडं डॉलरमध्ये. एकूण खर्चात इंधनाचा वाटा सर्वात मोठा, आणि विमानाचं इंधन जीएसटीत नाही, त्यामुळं राज्यागणिक व्हॅट वेगळा. नवं विमान हवं तर रांगेत थांबा: फेब्रुवारी २०२३ मध्ये एअर इंडियानं ४७० आणि जूनमध्ये इंडिगोनं ५०० विमानांची मागणी नोंदवलीय. गो फर्स्टची विमानं तर इंजिनं मिळेनात म्हणून जमिनीवर राहिली.

आणि स्लॉट. मुंबईसारख्या गर्दीच्या विमानतळावर उतरायची वेळ एकदा ज्याला मिळाली, त्यानं ती ८० टक्के वापरली की पुढच्या हंगामातही त्याचीच. सकाळची चांगली वेळ जुन्या कंपन्यांकडं राहते. बेळगाव–मुंबईला सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याजोगं विमान हवं, अशी मागणी कितीही केली, तरी अडतं ते सांबऱ्यात नाही, मुंबईत अडतं. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळ चालू झाल्यानं थोडी आशा आहे.

११. माझ्याकडं विस्ताराचं जुनं तिकीट आणि पॉइंट होते. ते गेले का?

नाही. विलीनीकरणानंतर तिकिटं एअर इंडियाच्या नावावर वळवली गेली आणि पॉइंट त्यांच्या महाराजा क्लबमध्ये गेले. जुना मोबाइल नंबर किंवा ईमेल बदलला असेल तर खातं जोडताना अडचण येते, तेवढं बघा.

१२. कंपनीच बुडाली तर तिकिटाचे पैसे परत मिळतात का?

कंपनीकडून मिळण्याची आशा फार कमी. दिवाळखोरी कायद्यात तारण असलेल्या बँका आणि कामगार आधी, प्रवाशाचा नंबर बराच मागं. लिक्विडेटरकडं, म्हणजे बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्याकडं, दावा जरूर टाका, मुदतीत टाका, पण त्यावर घरखर्च मांडू नका. क्रेडिट कार्डानं तिकीट काढलं असेल तर बँकेकडं ‘सेवा मिळाली नाही’ म्हणून लगेच चार्जबॅक, म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे परत, मागा. हाच मार्ग त्यातल्या त्यात चालतो. म्हणून मी सांगतो: कंपनी पगार थकवतेय, विमानं कमी करतेय अशा बातम्या यायला लागल्या की सहा महिने पुढचं स्वस्त तिकीट रोखीनं घेऊ नका.

खानापूर तालुक्यातल्या एका आजींनी नातवाच्या बारशासाठी असं तिकीट काढलं होतं. कंपनी थांबली. पैसे रोख दिलेले, कार्ड नाही, बँक नाही. पदराची गाठ सोडून दिलेले पैसे होते ते, आणि आजींच्या हातात कागदाशिवाय काही उरलं नाही. तेव्हापासून कोणी आधीचं तिकीट रोखीनं मागितलं की मी घरातल्या कोणाचं तरी कार्ड मागतो.

१३. विमान रद्द झालं तर भरपाई किती?

निघायच्या आधीच्या २४ तासांत कळवलं किंवा कळवलंच नाही, तर दुसरं विमान किंवा पूर्ण परतावा, आणि त्याशिवाय भरपाई. तासाभरापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, त्यापुढं १०,०००. किंवा मूळ एकेरी भाडं अधिक इंधन अधिभार, यांपैकी जे कमी असेल ते. हवामान, संप, सुरक्षा अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना भरपाई नाही. तिकिटावर तुमचा नंबर नसेल तरी नाही, म्हणून एजंटचा नंबर टाकून काढलेलं तिकीट घेऊ नका. माझाही टाकू देऊ नका.

सहा तासांपेक्षा जास्त उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पैसे परत मागता येतात. जागा जास्त विकल्यामुळं चढू दिलं नाही आणि तासाभरात दुसरं विमानही दिलं नाही, तर भरपाई २०,००० पर्यंत जाऊ शकते.

१४. बेळगाव–बंगळूर एका कंपनीचं, पुढं दिल्ली दुसऱ्या कंपनीचं. पहिलं उशिरा आलं आणि दुसरं चुकलं. कोण देणार?

दोन वेगळे पीएनआर, म्हणजे बुकिंगचे क्रमांक, असतील तर कोणीच नाही. दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीनं तुम्ही वेळेत आला नाहीत, एवढंच. एकाच पीएनआरवर असेल तर पुढं पोचवणं कंपनीची जबाबदारी. कंपन्या कमी झाल्याचा हा एकच फायदा मला दिसतो, की एकाच गटात जोडविमान मिळायला लागलं. वेगळी तिकिटं घ्यायचीच असतील तर मध्ये चार तास ठेवा. पावसाळ्यात सांबऱ्यावर ढग उतरतात आणि विमान परत फिरतं, तेव्हा एक रात्र ठेवा.

१५. तक्रार कुठं करायची? बंगळूरला जावं लागतं का?

नाही. आधी कंपनीकडं लेखी, मग सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा अॅपवर. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतून बोलता येतं, कन्नडमधूनही. तरी नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, म्हणून बेळगावातच, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बोर्डिंग पास, कंपनीचे एसएमएस आणि विमानतळावरच्या फलकाचा वेळ दिसणारा फोटो जपून ठेवा.

भाडं जास्त वाटणं ही ग्राहक आयोगाची तक्रार नाही, ती प्रश्न ७ मध्ये आलीय. नवा मार्ग हवा असेल, बंद पडलेला परत हवा असेल, तर खासदारांना आणि चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र द्या. पत्रात वर्षाला तुमच्याकडून किती माणसं त्या गावाला जातात तो आकडा घाला. फाउंड्री असो, कॉलेज असो की रुग्णालय, कंपनी आधी तोच आकडा विचारते.